त्या डोंगरावर आईनं हात जोडले

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण माझा राग काही गेला नाही. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे. जिवंतपणी तुम्ही आम्हाला बोलू कुठे दिलंत?

यंदा कंपनीच्या कामानं मला चीनला जावं लागलं. आईला सोबत नेलं. काम आटोपल्यावर आम्ही दोघी एक डोंगर पाहायला गेलो. तिथली जुनी देवळं ताओ पंथाची, हे मला तिथे पोचल्यावरच कळलं. आईच्या डोक्यात मात्र पक्कं, की चीन म्हणजे बुद्धाला मानणारा मुलूख, डोंगरावर विहारच असणार. म्हणून तिनं वंदनेला नेसायचं पांढरं लुगडं नेसलं आणि पायात माझे स्पोर्ट्स शूज घातले. रोपवेनं वर गेलो, तिथून पुढे पायऱ्या. वाटेत एकावर एक धबधबे. आई प्रत्येकासमोर थांबायची, तोंडावर तुषार घ्यायची, अन् 'अगं माय' एवढंच म्हणायची. तुम्ही फॅक्टरीतल्या मित्रांबरोबर पचमढीचे धबधबे पाहायला निघालात, तेव्हा तीही येते म्हणाली होती. नळाले पाणी येते ना, तेच पाहा, असं तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात. मित्र पोट धरून हसले होते.

जवाहरनगरच्या क्वार्टरचं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. मी ओट्याजवळ अभ्यासाला बसले आहे. आंधळगावहून मामा नव्या धानाचा तांदूळ देऊन गेलाय. आईच्या माहेरची रीत अशी, की नव्या भाताचा पहिला घास तलावाच्या पाळीवर पाण्याला ठेवायचा. क्वार्टरमध्ये तलाव कुठला? ती मागच्या दारी, पाण्याच्या टाक्याजवळ, पळसाच्या द्रोणात भात ठेवते आणि हात जोडते. तेवढ्यात तुम्ही ड्युटीवरून येता. लाथेनं द्रोण उडवता. शेजारच्या बायांना बोलावता आणि त्यांच्यासमोर आईला बावीस प्रतिज्ञा म्हणायला लावता. अडखळली की पुन्हा पहिलीपासून. दीक्षा घेतली का सोंग केलं, असं विचारता. बाया खाली माना घालून उभ्या.

तुमचं सगळंच चूक असतं तर बरं झालं असतं. आजोबांना गावच्या देवळाची पायरी चढू दिली नव्हती. त्या देवांकडे आपण पाठ फिरवली ते उत्तमच केलं. प्रतिज्ञा मीही पाळते. पण बायकोची चारचौघींत अब्रू काढा, असं कोणत्या प्रतिज्ञेत होतं? बाहेर समतेवर भाषणं ठोकायची अन् घरात पाटीलकी करायची. त्या दिवसानंतर आईनं कोणापुढेच हात जोडले नाहीत. विहारातसुद्धा वंदनेच्या वेळी हात पदरात गुंडाळून उभी राहायची. मी विचारलं, तर म्हणाली, हात जोडले का चूकच होते.

डोंगरावरच्या त्या देवळात पांढऱ्या दाढीच्या एका म्हाताऱ्याची मूर्ती होती. डोक्यावर अंबाडा बांधलेला पुजारी उदबत्त्या लावत होता. आईनं हळूच विचारलं, "हे बुद्धच होय ना वं?" तिचे हात पदरातून बाहेर आले होते. मी नाही म्हणाले तर ते परत आत जातील, हे मला दिसत होतं. मी हो म्हणाले.

"खोटी बोलून राहिली तू. बुद्धाले दाढी राहते का?"

मला वाटलं, झालं, संपलं. आईनं मागे वळून पाहिलं. पायऱ्यांकडे, गर्दीकडे, अगदी नीट पाहिलं. बाबा, ती तुम्हाला पाहत होती. इतक्या लांब, परक्या मुलखात, तुम्ही मातीआड होऊन एवढा काळ लोटल्यावर, तिला तुम्ही मागून चढून येताय की काय अशी धास्ती. तुम्ही होतात तेव्हाही मला तुमचा एवढा तिटकारा आला नव्हता. मग तिनं त्या दाढीवाल्यापुढे हात जोडले. डोळे मिटून, बराच वेळ. काय मागितलं ते मी विचारलं नाही.

उतरताना तिनं माझा दंड घट्ट धरला. "तुह्या बाबाले सांगू नोको," म्हणाली.

नाही सांगत, असं मी कबूल केलं. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच. तरी तिला दिलेला शब्द मी मोडला, आणि मोडताना मला फार बरं वाटलं.