माझ्या आळशी पेशी

तीर्थरूप वन्संना वाकून नमस्कार. (खरंच वाकले. आता पोट वाकू देतं.) तुमचे गुडघे कसे आहेत? भाऊजी पथ्य पाळतात की अजून चोरून गोड खातात? मी बरी आहे, आणि या वेळी हे रीत म्हणून लिहीत नाही.

माझ्या मोठ्या आतड्याचा कॅन्सर ऑपरेशननंतर यकृतात जाऊन बसला आणि औषधांना दाद देईना, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी नवा प्रयोग सुचवला. माझ्याच रक्तातल्या लढाऊ पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवायचं, वाढवायचं आणि परत माझ्याच अंगात सोडायचं. गुण येईलच असं नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं. पेशी तिकडे होत्या तोवर मी फोन करकरून चौकशी करायचे. (पोरं वसतिगृहात ठेवल्यासारखं झालं होतं. तिथला माणूस शेवटी म्हणाला, "मावशी, खाऊनपिऊन मजेत आहेत.")

आल्या एकदाच्या, लहानशा पिशवीतून, आणि थेंबाथेंबाने आत गेल्या. आता मी कुठेतरी वाचलं होतं (माझी खोड तुम्हाला माहीत आहे, पुडीचा कागदसुद्धा मी वाचल्याशिवाय टाकत नाही), की पेशी कामाला लागल्या की ताप येतो. शेजारच्या खाटेवरच्या मास्तरीणबाईंना त्याच संध्याकाळी सणसणून ताप भरला. माझा पारा ढिम्म. दुसऱ्या दिवशीही ढिम्म. आपल्याच पेशी आळशी निघाव्यात, याची मला इतकी लाज वाटली की नर्सची पाठ वळताच मी थर्मामीटर चहात बुडवलं.

चहा जरा जास्तच गरम होता. नर्स आकडा पाहून किंचाळली. डॉक्टर धावले, ऑक्सिजन आला, आणि मधोमध मी बिस्कीट खात बसलेली. डॉक्टरीणबाईंनी कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मावशी, ताप नाही म्हणजे पेशी झोपल्यात असं नसतं. आणि उपचार तुमच्यावर चाललेत, चहावर नाही."

दुपारी खराखुरा ताप आला, तर नर्सला पटेना. आधी तिने माझ्या तोंडाचा वास घेतला, मग कपाळाला हात लावला आणि पळत सुटली. मी कुडकुडत होते आणि हसत होते.

परवा स्कॅन झाला. यकृतातल्या गाठी निम्म्या झाल्यात! डॉक्टरीणबाई "अजून बघू, अजून बघू" म्हणत होत्या, पण हसू काही त्यांना लपवता येईना. घरी आले ती जिना चढून. सवयीने आधी ह्यांच्या खुर्चीला सांगितलं. ह्यांच्या वेळी असलं काही नव्हतं. तिथेच थोडा वेळ बसले, मग उठून कपडे भिजवले.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. पुढच्या महिन्यात दुसरा डोस आहे. चहाच्या प्रकारानंतर डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, जबाबदार माणूस सोबत असल्याशिवाय दाखल करून घेणार नाही. मी तुमचं नाव देऊन टाकलंय.

आणखी एक ता. क. डॉक्टरीणबाई असं काही म्हणाल्या नाहीत. एकटी आले तरी चालेल म्हणाल्या. पण तुम्ही अगदी ह्यांच्यासारखं खाकरता, वन्सं. पडद्याआडून तेवढं ऐकू आलं, की पेशी त्यांचं काय ते बघतील, मी निवांत पडेन.