सखारामच्या पायाची सूज

मुळशी, सोमवार, श्रावण वद्य पंचमी

गेल्या श्रावणात एका सकाळी धाकट्या भावाच्या, सखारामच्या, सुजलेल्या पायाला मीच तापल्या बिब्याचा चटका दिला. "दादा, लई जळतंय," म्हणाला. मी हात आवरला नाही. आठवड्यात तो गेला. पुढे डॉक्टर म्हणाले, सूज म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींची जंतूंशी झुंज. जंतू संपले की त्याच पेशी सूज उतरवतात. चटक्याने कातडी फुटते, जंतूंना नवी वाट मिळते. मग भावाला मारलं कोणी? देवापुढे बसलो तरी ते 'जळतंय' ऐकू येतं.

आज त्याची बायको सुजलेला अंगठा घेऊन आली. "दादा, बिबा लावा. तुमच्या हाताला गुण हाय." गुण! तिला पौडला डॉक्टरांकडे नेलं, आणि त्या चटक्याबद्दल वर्षभर गिळलेलं सगळं वाटेत सांगून टाकलं.