दादाचे शोधनिबंध

९ जानेवारी

दादा आला. हातात कागदांचा गठ्ठा, चेहऱ्यावर विजय! बाबांच्या उजव्या डोळ्याच्या पडद्याला छिद्र पडलंय ना, त्यावर म्हणे थेंब निघालेत. घालत राहायचे, छिद्र आपोआप बुजतं. ‘संशोधन आहे हे. एक नाही, अख्खा गठ्ठा!’ कॉलेजच्या ग्रंथालयात माझं आयुष्य गठ्ठे उपसण्यात गेलं. गठ्ठ्याला मी भुलत नाही.

बाबांना दाराची चौकट मधोमध वाकडी दिसते. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, आणि आता चिमट्यात काटा धरता येत नाही. मला म्हणाले, ‘तू वाच. तू सांगशील तसं करू.’

१२ जानेवारी

वाचलं. पहिल्या निबंधाला आधार दुसऱ्याचा, दुसऱ्याला तिसऱ्याचा, तिसऱ्याला पुन्हा पहिल्याचा. उंदराला मांजर साक्ष! रोगी किती, तपासले कुणी — अवाक्षर नाही.

१३ जानेवारी

निबंध लिहिणारे आणि थेंब विकणारे, दोघांचा पत्ता एकच. वाटलंच होतं.

२० जानेवारी

बाबांना घेऊन आपल्या नेहमीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. घरातल्या सगळ्यांचे चष्मे त्यांनीच दिलेले. थेंबांचं नाव काढताच हसले. ‘या छिद्राला इलाज नसतो. हात लावायचा नाही. आहे ती नजर सांभाळा.’ किती सरळ माणूस! विकणं नाही, बढाया नाहीत. हायसं वाटलं.

२ फेब्रुवारी

दादाचे ते निबंध ज्या नियतकालिकात छापलेत, त्याला मीही एक निबंध पाठवला. विषय: लाकडी टेबलाच्या पायांवर थेंबांचा परिणाम. चारही पायांत लक्षणीय सुधारणा! सहलेखक — आमचा बोका.

५ फेब्रुवारी

छापताहेत! ‘या क्षेत्रातलं मोलाचं योगदान.’ बोका खुर्चीत झोपलाय. त्याला अजून सांगितलं नाही.

६ फेब्रुवारी

त्यांचं पत्र दादापुढे टाकलं. वहिनी तोंडाला पदर लावून हसत होती. दादा लालबुंद. मग म्हणाला, ‘बरं, थेंब गेले खड्ड्यात. निदान दुसऱ्या एखाद्या डॉक्टरला तरी दाखवू.’

पुढचं दार लावलं की हा मागच्या दाराने हजर! ‘दुसरा डॉक्टर’ म्हणजे त्याच माळेचा मणी असणार. मी साफ नाही म्हटलं. बाबांनी मान हलवली. ‘ती म्हणते तर राहू दे.’

जाताना दादा: ‘तुला सगळीकडे काळंबेरंच दिसतं.’ दिसतं! म्हणून तर वाचलो.

१८ मार्च

बाबा पेपर तिरका धरून डोळ्याच्या कडेने वाचतात. मध्ये म्हणे राखाडी ठिपका आहे, वाढलाय. डॉक्टरांनी सांगितलंच होतं, असं होणार.

११ मे

कॉलेजात मुलांना शिकवायचंय — माहितीचा स्रोत कसा पारखावा. थेंबवाले आणि आपले डॉक्टर, असा शेजारी शेजारी तक्ता करायला बसले. कोण सांगतं, कशाच्या आधाराने, कधीचं. थेंबवाल्यांचा रकाना भराभर भरला. मजा आली.

डॉक्टरांच्या रकान्यात ‘कशाच्या आधाराने’पाशी पेन अडलं. मी विचारलंच नव्हतं. ‘कधीचं’ — तेही नाही.

१२ मे

सकाळीच डॉक्टरांना फोन केला. ‘अहो, आम्ही शिकलो तेव्हापासून हे असंच आहे.’ ते शिकले तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता!

दिवसभर शोधलं. या छिद्राचं ऑपरेशन होतं. कित्येक वर्षं होतंय. एकमेकांना न ओळखणारे, काही न विकणारे लोक ठिकठिकाणाहून तेच लिहितात. आणि सगळे म्हणतात — लवकर करा.

एकाची सालं काढली आणि दुसऱ्याला हातही लावला नाही. का? तर तो माझ्या बाजूने बोलत होता. दुसरं कारण नाही. स्वतःची इतकी चीड आजवर आली नव्हती.

दादाला फोन केला. वाटलं, आता ऐकवेल. ‘उद्याचीच वेळ घेतो,’ एवढंच बोलला.

१३ मे

मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरबाई बराच वेळ यंत्रातून बघत होत्या. ‘छिद्र फार रुंदावलंय. ऑपरेशन करू, पण बारीक काम पुन्हा दिसेल असं नाही सांगत. आधी का नाही आणलंत?’

दादा खिडकीबाहेर बघत राहिला. बाबाच म्हणाले, अगदी अभिमानाने, ‘आमच्या मुलीने सगळं तपासूनच ठरवलं होतं.’