मान जराशी डावीकडे

गांधीबाग, नागपूर
रविवार, सकाळ

प्रिय सोनिका,

तुझा डबा मंगळवारी मिळाला. दोन वर्षांत बुटीबोरीहून या घरात जे काही आलं ते आईच्याच नावानं आलं, म्हणून मी सही केली, डबा तिच्यापुढे ठेवला आणि पेपर उघडला. तिनंच चष्मा लावून वाचलं आणि म्हणाली, "अजी, हे तर तुमच्या नावानं आहे." आत तो छोटा कॅमेरा आणि तुझी चिठ्ठी. 'बाबा, कंपनीत आत मोबाईल नेऊ देत नाहीत. कापडातले दोष टिपून रिपोर्टला जोडायला असा कॅमेरा घ्यावा म्हणते. एक नमुन्याला मागवला आहे. स्वस्तातला आहे. चालेल का, बघून सांगा.' पाच वाक्यं. मी ती किती वेळा वाचली ते आईला विचार, ती वाढवूनच सांगेल. त्यात 'बाबा' एकदाच आहे, पण आहे. आता उत्तरात काही चुकलं तर सहावं वाक्य यायचं नाही, याची मला धास्ती आहे. म्हणून फोन न करता बसून लिहितो आहे. फोनवर मी दोन मिनिटांत मास्तरकी सुरू करतो, हे तुला माहीतच आहे.

खरं सांगू? आधी हसलोच. एक्केचाळीस वर्षं स्टुडिओ चालवलेल्या माणसाच्या हातात साबणाच्या वडीएवढं खेळणं! खालच्या किराणावाल्याच्या काट्यावर टाकून पाहिलं, दीडशे ग्रामही भरलं नाही. तो म्हणाला, एवढी मोहरी देऊ का जिरं? डब्यावर मेगापिक्सेलचा आकडा एवढा मोठा छापलाय की मी तो वाचून सोडून दिला. लेन्स मसुरीच्या दाण्याएवढी. झूमचं बटण दाबलं तर आत काही हलतच नाही. तोच फोटो कातरून मोठा करतो आणि झूम म्हणून आपल्याला देतो. फ्लॅश असा थोबाडीत मारल्यासारखा पडतो. मी आईला म्हटलं, पोरीला सांग, नको घेऊ. ती म्हणाली, "तुमाले विचारलं ना तिनं? मंग तुमीच सांगा." आणि गंमत अशी झाली की बुधवारी सकाळी दात घासायच्याही आधी तो कॅमेरा माझ्या हातात होता. याला नेमकं काय काय जमतं, हे पाहिल्याशिवाय मला चैन पडेना.

मग पद्धतशीर लागलो. वसंतभाऊंच्या दुकानातून खराब थानाचा एक तुकडा मागून आणला. त्यांनी विचारलं, चांगलं कापड सोडून हे काहून? म्हटलं, माझ्या पोरीला खराबच लागते. त्या तुकड्यात दोन तुटलेले धागे, एक गाठ आणि तेलाचा एक डाग होता. खिडकीच्या उजेडात हातभर अंतरावरून डाग स्वच्छ आला, गाठही आली. पण धाग्यासाठी जवळ नेला की सगळं पुसट. या कॅमेऱ्याला फोकस करता येत नाही गं, तो एकाच अंतराला बांधलेला आहे. पुढचं सगळं स्पष्ट, वीतभर जवळचं काहीच नाही. ट्यूबलाइटखाली व्हिडिओ घेतला तर चित्रावर आडवे पट्टे सरकत राहतात, तेव्हा तुमच्या तपासणीच्या टेबलावर ट्यूब असेल तर फोटोच काढ, व्हिडिओ खिडकीपाशी घे. बॅटरी व्हिडिओला पाऊण तास पुरली. तारीख आधी नीट लाव, नाहीतर तुझ्या रिपोर्टवर दोन हजार सालची तारीख छापून येईल आणि साहेब म्हणतील, पोरगी पाळण्यातून कापड तपासत होती.

गुरुवारी तुझ्या आईवर प्रयोग केला. आधी तिच्या मोबाईलवर तिचा फोटो घेतला, मग त्याच जागी, त्याच उजेडात तुझ्या कॅमेऱ्यावर. दोन्ही शेजारी ठेवून पाहिले आणि मी चाटच पडलो. मोबाईलमधल्या सुभद्राबाईंच्या गालावर देवीचा एकही व्रण नाही! कुणी सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही, मोबाईलनं आपल्या मनानंच सगळे पुसून गाल गुळगुळीत करून टाकले. या खेळण्यात मात्र सगळे व्रण जागच्या जागी, कपाळावरची आठी, डोळ्याखालचं काळं, सगळं. आई म्हणाली, "हा कॅमेरा आहे का माही सवत!" आणि तरातरा स्वयंपाकघरात निघून गेली. मी मात्र ते दोन फोटो संध्याकाळपर्यंत पाहत होतो. मोबाईल जे करत होता तो माझाच धंदा होता, सोनू. फक्त त्याला पाव सेकंद लागला, मला एकेका चेहऱ्याला पाऊण तास लागायचा. आणि या स्वस्तातल्या डबीत लपवायची अक्कलच नाही. तुझ्या कामाला असाच कॅमेरा पाहिजे, एवढं मला तेव्हा कळलं.

तेव्हाच थांबलो असतो तर बरं झालं असतं, पण मग अमरावतीचे पाहुणे आठवत राहिले. तू विसरली नसशीलच. स्थळाला पाठवायचा फोटो मी स्वतः काढला होता, तुझ्या उजव्या गालाचा. असा उतरला होता की त्यांनी परत फोन करून विचारलं, मुलगी खरंच अशी आहे का. तू चहा घेऊन बाहेर आलीस. मुलाच्या मावशीनं तुझ्या डाव्या गालाकडे पाहिलं आणि कप तोंडाला न लावताच खाली ठेवला. ते गेल्यावर तू रडशील, ओरडशील असं मला वाटलं होतं. तू कप गोळा करत साध्या आवाजात म्हणालीस, "त्यांची चूक नाही, बाबा. तुम्ही त्यांना दुसऱ्याच मुलीचा फोटो पाठवला." त्यावर मी काय केलं? तुलाच रागावलो. तुझ्या भल्यासाठीच केलं ना, असं म्हणालो. चौथ्या दिवशी तू बुटीबोरीला खोली घेतलीस. मी कितीतरी दिवस लोकांना सांगत होतो, जाण्या-येण्याचा त्रास होतो म्हणून तिकडे राहते.

आता शुक्रवारचं सांगतो. समोरच्या झेरॉक्सवाल्या जितेंद्रची पिंकी आहे ना, ती आता दुसरीत गेली. शाळेतून आली की आपल्या स्टुडिओत येऊन बसते, कारण गिऱ्हाईक नसतं आणि पंखा असतो. नवा कॅमेरा पाहून म्हणाली, माझा काढा. बसवलं तिला त्याच जुन्या स्टुलावर. बटणावर बोट ठेवून मी चांगला मिनिटभर तिला नीट बसवत होतो, आणि नंतर पाहतो तर फोटो नाहीच. चकती सरकून व्हिडिओवर गेली होती आणि बटण आधीच दाबलं गेलं होतं. बारीकसा लाल ठिपका लुकलुकत असणार, चष्मा कपाळावर असल्यानं मला दिसला नाही. म्हणजे मी फोटो काढतो आहे असं समजत होतो आणि हा पठ्ठ्या माझंच शूटिंग घेत होता. इतक्या वर्षांत मी हजारो लोकांना बसवलं, पण बसवताना माझा आवाज कसा येतो हे मला कधी ऐकायला मिळालं नव्हतं. मोठ्या उत्सुकतेनं लावून पाहिलं.

पंख्याचा आवाज मोठा येतो, पण बोलणं स्वच्छ आहे. मी म्हणतो, हं, बस अशी. हनुवटी खाली. मान जराशी डावीकडे. अजून. अजून जराशी. त्या पोरीच्या तोंडावर काही नाही, सोनू. दोन्ही गाल सारखे, एकावर चॉकलेट लागलेलं तेवढं. तिची मान मी का वळवत होतो, मला सांगता येत नाही. हाताला सवय लागते तशी जिभेलाही लागते. पिंकी मान वळवते आणि विचारते, "काहून, आबाजी?"   मग माझा आवाज येतो, "उजेड तिकडून येते, बेटा." आणि ती कार्टी खदखदा हसते. "खोटं! ऊन तर इकडून येऊन राहिलं!" व्हिडिओत दिसतं ना ते. दारातून आलेलं ऊन तिच्या दुसऱ्याच गालावर पडलं आहे. मी चोरी पकडल्यासारखा कॅमेरा बंद करतो, तिथं ते संपतं.

तू दुसरीत होतीस. तेच स्टूल होतं. त्याच्या आदल्या वर्षी तुझ्या डाव्या गालावर तो पांढरा ठिपका उमटला होता आणि हळूहळू बंद्या रुपयाएवढा झाला होता. घरात आपण त्याला कधी नाव दिलं नाही, 'ते' म्हणायचो. ते वाढलं का, ते दिसते का. आज लिहितो: कोड. लिहिल्यावर काही झालं नाही, शाई तशीच आहे. शाळेच्या फोटोसाठी मी तुला मान डावीकडे करायला लावली आणि तू विचारलंस, काहून बाबा? मी तेच सांगितलं, शब्दाला शब्द. तू पिंकीसारखी हसली नाहीस. तुझा विश्वास होता माझ्यावर, तू मान वळवलीस. पुढं मला कधी सांगावंही लागलं नाही. मामेबहिणीच्या लग्नात, कॉलेजच्या सहलीत, कुणी कॅमेरा वर केला की तुझी मान आपोआप डावीकडे जायची. मला तेव्हा त्याचा अभिमान वाटायचा, पोरीला कॅमेरा कळतो म्हणून.

आणि एवढं करूनही कुठं राहिलंच तर ब्लेड होतं. काळ्या डागावर निगेटिव्हवर पेन्सिल फिरवता येते, पण पांढरा डाग निगेटिव्हवर काळा उमटतो, तो खरवडूनच काढावा लागतो. भिंग डोळ्याला लावून, श्वास रोखून मी तुझा गाल खरवडत बसायचो. तुझी आई एकदा मागं येऊन उभी राहिली होती. म्हणाली, "पोरीच्या तोंडावर ब्लेड नका चालवू जी." मी तिला वेड्यात काढलं. म्हटलं, अवं, फिल्म आहे ती. काल रात्रीपर्यंत मीही तसंच समजत होतो.

आता कॅमेऱ्याचा निकाल. घे. जवळचं पुसट येतं त्यावर मी उपाय केला आहे. निगेटिव्ह खरवडायचं ते माझं भिंग, पितळी कड्याचं, सायकलच्या ट्यूबची रिंग कापून लेन्सपुढं बसवलं आहे. बरोबर नेमकं बसतं. चार बोटांवरून फोटो काढलास तर धागा न् धागा मोजता येईल. कॅमेरा सोबत परत पाठवतो आहे, त्यातल्या मेमरी कार्डात वसंतभाऊंच्या कापडाचे भिंगाशिवायचे आणि भिंगासकट असे दोन्ही फोटो आहेत, ताडून पाहा. पिंकीचा व्हिडिओही पुसला नाही, तोही पाहा. भिंग परत पाठवू नकोस, मला आता त्याचं काम नाही.

आणखी एक. शोकेसमधला तुझा मोठा फोटो मी काल उतरवला. तोच, ज्याच्याकडे बोट दाखवून गिऱ्हाईक म्हणायचे, आमच्या पोरीचा असाच काढा. आता तिथं भिंतीवर फिकट चौकोन राहिला आहे, खिळा आहे. तिथं काय लावायचं, काही लावायचं की नाही, ते तू ठरव. कॅमेऱ्याची एक परीक्षा माझ्याकडून राहिली आहे, समोरून सरळ चेहऱ्याची. तू कधी म्हणालीस तर मी बुटीबोरीला येईन. स्टूल आणणार नाही. तुझा काढू द्यायचा नसेल तर तू माझा काढ, कॅमेरा तुझाच आहे. नाही म्हणालीस तरी मी समजेन. आईला मात्र दर आठवड्याला करतेस तसा फोन करत राहा.

'घे' एवढं तर मी चिठ्ठीतही कळवू शकलो असतो. हे पत्र लिहिलं ते तुझ्या त्या 'काहून'साठी. तू विचारलंस, मी खोटं सांगितलं, आणि ते खरं धरून तू वीस वर्षं मान वळवत राहिलीस. तर आता सांगतो. मला लाज वाटत होती, सोनू. तुझी नाही, लोकांची, असं लिहिणार होतो, पण तेही खोटंच झालं असतं. तुझीच वाटत होती, आणि आज मला माझी वाटते. उजेड तिकडून येत नव्हता, बाळा. दिवा चाकाच्या स्टँडवर होता, आणि स्टँड माझ्या हातात होता. मी दिवा फिरवू शकलो असतो. मी तुझी मान फिरवली.

तुझाच,
बाबा