चौऱ्याण्णव गुणांचा हात

दादा यांस सप्रेम नमस्कार (उजव्या हाताने जेवढा पोचला तेवढा घ्या, उरलेला मागून येतो आहे).

या पत्राचा खरा खर्च आधी सांगून टाकतो. एक सबंध सकाळ, दोन पेनं (एक पलंगाखाली गेलं ते अजून तिथेच आहे), सांडलेला एक कप चहा आणि माझ्या स्वभावात होता नव्हता तेवढा सगळा धीर. पण उजव्या हाताने लिहिलंय, दादा! पक्षाघाताचा झटका येऊन साडेतीन महिने झाले नाहीत, तोवर. (अक्षर तुमच्या बहिणीच्या वळणाचं वाटलं तर नवल मानू नका. एकतीस वर्षं एका छपराखाली काढली की माणसांचं घोरणंसुद्धा सारखं होतं.) तुमचा गुडघा काय म्हणतो? वहिनींचा खोकला थांबला का? थांबला नसेल तर तुम्ही बोलायचं थांबवून बघा, त्या तुम्हाला उत्तरं द्यायच्या नादात खोकतात असा माझा जुना संशय आहे.

आता कोटाचं. तुमच्या चिरंजिवांच्या लग्नाचा कोट मीच कापणार असं मी तो पाळण्यात असताना बोलून बसलो आहे आणि आता लग्न चार महिन्यांवर आलं. उसन्या शिलाई मशीनवर सुरू केलेलं दुकान आज चार कारागिरांचं झालं ते दिलेला शब्द पाळूनच, त्यामुळे मागे हटायची सोय नाही. अडचण एवढीच की तुमच्या बहिणीने माझी मोठी कात्री कपाटात कुलूपबंद केली आहे. झटक्यानंतर दुसऱ्याच महिन्यात मी एका गिऱ्हाइकाची पँट कापायला घेतली आणि तिची अर्धी चड्डी झाली, हे निमित्त. (गिऱ्हाईक भला माणूस. म्हणाला, राहू द्या, उन्हाळा येतोच आहे.) आमचं घर वर आणि दुकान खाली, म्हणून दिवसभर फरशीतून कात्र्या ऐकत पडतो. थोरला कारागीर रेषेबाहेर गेला की त्याची कात्री कुरकुरते, मी काठी आपटतो. मालकांना फरशीतून दिसतं, असं तो सगळ्यांना सांगत सुटला आहे. शेवटी तह झाला. दवाखान्यातल्या कॅमेऱ्याने माझ्या हाताला शंभरात साठ गुण दिले तर कात्री परत.

हा कॅमेरा काय चीज आहे ते ऐका. एका खोलीत मोठा पडदा, त्याच्याखाली हातभर काळी पट्टी, तिच्यात कॅमेरा. अंगाला काही चिकटवत नाहीत, टोचत नाहीत. समोर उभं राहायचं, की पडद्यावर आपला काड्यांचा माणूस उभा राहतो, सांध्यांच्या जागी ठिपके. हात वर करा, तोंडाशी न्या, बाजूला न्या, असं थेरपीवाल्या ताई सांगतात (वय आमच्या धाकटीएवढं, आवाज फौजदाराचा) आणि हात किती वर गेला, कोपर किती सरळ झालं, किती थरथरलं, सगळं ते यंत्र मोजतं. मुख्य म्हणजे चोरी पकडतं. हात उचलत नाही म्हणून आपण गुपचूप खांदा उचलतो, कमरेतून पुढे झुकतो. माणूस फसतो, कॅमेरा फसत नाही. पहिल्या खेपेला मला अडतीस मिळाले. ताई म्हणाल्या, "काका, हात होता तिथेच आहे. तुम्हीच पुढे गेलात."

दादा, ज्याने जन्मभर लोकांचे वाकडे खांदे सरळ दाखवून पोट भरलं त्याला हे ऐकवायचं? मी थोरल्या कारागिराकडून एक ढगळ कोट शिवून घेतला. डाव्या खांद्यात दोन इंच कापूस, म्हणजे उजवा खांदा चोरून उचलला की दोन्ही सारखे. पाठीत ताठ कॅनव्हास, म्हणजे मी झुकलो तरी कोट झुकणार नाही. आरशासमोर तालीम केली. काय सांगू, नवरदेव दिसत होतो (जरा जुना).

परीक्षेच्या दिवशी तुमची बहीण माझ्यामागे उभी राहिली. मी पडेन अशी तिला भीती. त्यातून तिची सवय तुम्हाला ठाऊक आहे, पोरांना भरवताना स्वतः आ करायची, तशी ताईंनी "हात वर" म्हटलं की मला शिकवायला हीच हात वर करत होती. मी आपला कोटात घाम गाळतोय आणि पडद्यावर काड्यांचा माणूस असा झोकात हात फिरवतोय की बघत राहावं. चौऱ्याण्णव! ताईंनी मोठ्या डॉक्टरांना बोलावून आणलं. मी दोन्ही हात खाली सोडून इच्छाशक्तीवर चार शब्द बोलायला घेतले, बाकावरचे दोन पेशंट माना डोलावू लागले, आणि तेवढ्यात पडद्यावरच्या माझ्या माणसाने सावकाश हात उचलून नाकावरचा चष्मा वर सरकवला.

मला चष्मा नाही, दादा.

सगळे वळून तुमच्या बहिणीकडे बघायला लागले. तिने हात खाली घेतला, पडद्यावरच्या माणसानेही घेतला. कोट इतका बेमालूम जमला होता की आत माणूस आहे हेच कॅमेऱ्याला सापडेना. मग त्याने मागचा सापडला तो धरला. डॉक्टर खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेले. ताई म्हणाल्या, "काका, कोट काढा." कोट काढून एक्केचाळीस.

घरी येताना ही जिन्यात थांबून म्हणाली, "शाळा सुटल्यापासून मला कुणी गुण दिले नव्हते. पहिल्यांदा दिले तर तुमच्या नावावर." आता रोज दोनशे वेळा पेला उचलून तोंडाशी नेतो (रिकामा). अडतिसाचे एक्केचाळीस झाले, एक्केचाळिसाचे साठ होतील. चिरंजिवांना सांगा, तोवर पोट सांभाळ.

तुमचा,
कात्रीविना शिंपी

ता.क. कोटाचं कापड दुसऱ्या कुणाला दाखवूसुद्धा नका, माझ्याकडेच पाठवा. दोन मीटर जास्त पाठवा. कारण विचारू नका.

ता.क. पुन्हा एकदा. खरं काम राहिलंच. कपाटाची किल्ली तुमच्या बहिणीच्या पर्समध्ये, आतल्या कप्प्यात असते. तुम्ही तिचे थोरले. फोनवर सहज, मी लिहिलंय हे तिला अजिबात कळू न देता, आपल्याच मनाने सुचल्यासारखं म्हणा, की बिचाऱ्याला कात्री नुसती हातात धरू दे. कापणार नाही. (बहुधा.)

ता.क. दादा, किल्ली साठ झाल्यावर. त्यासाठी फोन करू नकोस. हे पत्र त्यांनी पलंगावर बसून सांगितलं आणि मी लिहिलं. सही तेवढी त्यांची आहे.