एका मताचा गद्दार

शुक्रवार, ९ मे. सकाळी

पोटनिवडणुकीचा निकाल आला. जागा आपली, पिढ्यान्‌पिढ्यांची. आपला उमेदवार चौथा. तिसरा आलेला गृहस्थ महिनाभर कोंबडीचा वेश घालून प्रचार करत होता.

खोलात जाऊन पाहिलं तर निकाल वाईट नाही. कोंबडीला पडलेली मतं मुळात आपलीच आहेत. लोक रुसलेत, सोडून गेलेले नाहीत. मंत्रिमंडळाला हे नीट समजावून सांगायला हवं.

टीव्हीवाले म्हणतात, पंतप्रधान थर्लवेलना, म्हणजे मला, माझा शेड-कर भोवला. साफ चूक. परसातल्या लाकडी शेडवर वर्षाकाठी किरकोळ कर, यात आकाश कोसळण्यासारखं काय आहे? शेडमध्ये असतं काय? गंजलेलं गवत कापायचं यंत्र, रंगाचे वाळलेले डबे, आणि बायकोची नजर चुकवून चहा पीत बसलेला नवरा. ही चैन आहे. चैनीवर कर हवाच. लोकांना कर समजलेला नाही, समजला की आवडेल.

फिलिपा म्हणाली, समजलाय रे बार्नी, म्हणूनच कोंबडीला मत दिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हिला राजकारण काही येत नाही.

संकल्प: लोकांशी जास्त बोलायचं. आणि मार्मलेड कमी.

शनिवार, १० मे

गावाकडच्या सरकारी बंगल्यावर. हवा उत्तम.

डंकन मक्रेचा फोन. डंकन आमचा मुख्य प्रतोद. खासदारांना दावणीला बांधून ठेवणं हे त्याचं काम. स्कॉटलंडचा माणूस, कायम कुणाच्या तरी मयताहून आल्यासारखा बोलतो. म्हणाला, साहेब, संसदेच्या चहाच्या खोलीत तुमच्याबद्दल बोलणं बंद झालंय. म्हटलं, छान, वादळ शमलं. म्हणाला, तसं नाही हो, मी आत शिरलो की बंद होतं.

दुपारी एक सुखद बातमी. गृहमंत्री ग्विनेथ क्रॅडॉकने निवेदन काढलं: ‘मी पंतप्रधानांच्या पाठीशी ठामपणे उभी आहे.’ भरून आलं. फिलिपाने विचारलं, तिला कुणी विचारलं होतं का? कुणीच नव्हतं विचारलं! आपण होऊन काढलं. याला म्हणतात निष्ठा.

फिलिपा म्हणाली, पाठीशी म्हणजे नक्की किती अंतरावर, तेवढं बघून ठेव.

रविवार, ११ मे

पेपरात ग्विनेथची पानभर मुलाखत. सोबत मोठा फोटो. वेल्समधली तिच्या वडिलांची जुनी शेड, त्यात वडिलांच्या स्टुलावर ती बसलेली, डोळे पाणावलेले. शेडमध्ये धूळ फार असते.

मार्मलेड: दोन स्लाइसना. पण पातळ.

मंगळवार, १३ मे

आज चहाच्या खोलीत गेलो. डंकन नको म्हणत होता. त्याचं म्हणणं, पंतप्रधान तिथे फिरकला नाही तर लोक समजतात सगळं ठीक आहे. अचानक येऊन टोस्ट मागवायला लागला की त्याच्या राजीनाम्याचा दिवस कोणता यावर पैजा लागतात. जुनाट विचार. माणसांत मिसळलं पाहिजे.

मिसळलो. एका कोपऱ्यातल्या टेबलावर जाऊन बसलो तर तिथल्या चौघांनाही एकदमच काम आठवलं. मग एका जाडगेल्या खासदाराशेजारी बसलो. पाठीवर थाप मारून म्हटलं, काय रॉजर, तुमच्याकडची मासेमारी काय म्हणते? तो म्हणाला, माझं नाव डेरिक, आणि आमच्याकडून समुद्र दिसायला दोन तास गाडी हाकावी लागते. मोकळा माणूस. मी विचारलं, माझ्याबरोबर आहेस ना? म्हणाला, साहेब, वेळ आली की मी जे करायचं ते करणारच. इतका ठाम शब्द अलीकडे कुणी दिला नव्हता.

परत येताना डंकनला म्हटलं, या डेरिकला वर आणलं पाहिजे, एखादं राज्यमंत्रिपद देऊन टाक. डंकनने खिशातून मंत्र्यांची यादी काढून दाखवली. डेरिक दीड वर्ष कृषी खात्याचा राज्यमंत्री आहे. मीच नेमलाय म्हणे.

बुधवार, १४ मे

सभागृहात प्रश्नोत्तरं. फार चांगली झाली. विरोधी पक्षनेता एरवी माझी सालटी काढतो, आज उठून म्हणाला, पंतप्रधानांनी पुढच्या निवडणुकीपर्यंत याच खुर्चीवर बसावं अशी आमच्या संपूर्ण पक्षाची मनापासून इच्छा आहे. त्यांच्या बाकांवर प्रचंड जल्लोष. आमच्या बाकांवर शांतता. लोक हेलावले असणार.

गुरुवार, १५ मे

ग्विनेथने राजीनामा दिला. जड अंतःकरणाने. स्वतः भेटायला आली, हे तिच्या बाजूने लिहून ठेवायला हवं. म्हणाली, बार्नबी, तुझ्याबद्दल मला नितांत आदर आहे, पण देशाचा विचार करावा लागतो. मी विचारलं, देश म्हणजे कोण? म्हणाली, सध्या तरी मी.

तिच्या प्रचाराचा व्हिडिओ ती माझ्यासमोर बसलेली असतानाच बाहेर आला. काहीतरी तांत्रिक घोटाळा झाला असणार. त्यात ती शेडचं दार उघडते आणि आतून ऊन बाहेर येतं. शेडमधून ऊन बाहेर कसं येईल? विज्ञानाशी खेळ चाललाय नुसता.

फिलिपाला म्हटलं, एवढी पाठीशी उभी होती! फिलिपा म्हणाली, म्हणून तर हात पोचला.

सोमवार, १९ मे. दुपारी

सर मॉर्टिमर आयल्स आले. आमच्या पक्षाच्या साध्या, मंत्रिपद नसलेल्या खासदारांच्या समितीचे हे अध्यक्ष. नेत्याला घालवायची मागणी पुरेशा खासदारांनी केली की यांना मतदान घ्यावं लागतं. घ्यावं लागलं की यांची कळी खुलते. तीन बिस्किटं खाल्ली आणि म्हणाले, बार्नबी, कळवायला अतिशय वाईट वाटतं. चौथं घेतलं. परवा, बुधवारी, गुप्त मतदान.

मी म्हटलं, होऊनच जाऊ दे. एकदाचं आभाळ मोकळं होईल.

डंकन म्हणतो, काट्याची टक्कर आहे. साहेब, पाया पडतो, तो कर मागे घ्या. घेतलात तर थोडक्यात वाचाल. फिलिपाचंही तेच.

मी हट्टी नाही. लोकांचं ऐकणारा माणूस आहे. तासभर विचार करून सवलत जाहीर केली: खिडकी नसलेल्या शेडला कर माफ.

सोमवार, संध्याकाळी

सवलतीला उदंड प्रतिसाद. देशभर लोक शेडच्या खिडक्यांवर फळ्या ठोकतायत. टीव्हीवर तेच चाललंय.

मंगळवार, २० मे

दिवसभर खासदार एकेक करून भेटायला. सगळे म्हणतात, तुमच्याशिवाय आहेच कोण. एकजण तर हे म्हणताना भिंतींकडे बघत होता, पडद्यांचा रंग आवडला असावा. बाहेर पडताना त्याने सचिवाला विचारलं, हे पडदे घराचे की यांचे?

संध्याकाळी वरच्या मजल्यावर एकटाच बसलो. कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो: भीती वाटते. मला हे काम आवडतं. मला ते नीट येतं की नाही हा प्रश्न वेगळा, पण आवडतं. सकाळी जाग आली आणि आपण डाउनिंग स्ट्रीटवर आहोत हे आठवलं की मला अजून, रोज, आनंद होतो. पंतप्रधानाने असं कुणाला सांगायचं नसतं.

फिलिपाने अंडं आणि टोस्ट करून आणलं. म्हणाली, खा आधी. हरलास तरी मी आहेच की. म्हटलं, हरण्याचा प्रश्नच कुठे येतो.

बुधवार, २१ मे. दुपारी

मतदान करून आलो.

खोलीच्या दारात सर मॉर्टिमर कागद हातात घेऊन प्रत्येकाला सूचना वाचून दाखवत होते. मला बघून सुरू झाले, सभासदाने ज्या वाक्याशी सहमत असेल त्याच्या समोरच्या... मी हातानेच थांबवलं. म्हटलं, मॉर्टिमर, मी तीस वर्षं मतं देतोय आणि घेतोय. मला शिकवू नका. बिचारे ओशाळले.

आत आडोसा, टेबल, दोऱ्याला बांधलेली पेन्सिल. मतपत्रिकेवर दोन ओळी. वरची: पंतप्रधानांवर माझा विश्वास आहे. वाचून बरं वाटलं. खालची: पंतप्रधानांवर माझा विश्वास नाही.

टाळकंच सरकलं. माझ्याच पक्षाचा कागद, माझ्याच पक्षाचा शिक्का आणि त्यावर हे छापलेलं! छापायला दिलं कुणी? दात-ओठ खाऊन त्या ओळीवर अशी फुली मारली की पेन्सिलीचं टोक मोडलं, कागदही जरा फाटला. वरच्या ओळीला हातसुद्धा लावला नाही. तिथे सुधारण्यासारखं काही नव्हतंच.

घडी घालून पत्र्याच्या डब्यात टाकली. फार हलकं वाटलं. महिनाभरात इतकं हलकं वाटलं नव्हतं.

बाहेर डेरिक भेटला. नावाने हाक मारली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

बुधवार, संध्याकाळी

हरलो.

एका मताने.

गुरुवार, २२ मे

एक मत! एक माणूस! त्याला शोधून काढल्याशिवाय राहणार नाही.

डंकन शपथेवर सांगतो, आपली म्हणून मोजलेली सगळी माणसं आली आणि एकही फुटला नाही. हॉस्पिटलमधून स्ट्रेचरवर आणलेले म्हातारे बिगल्ससुद्धा. डेरिकनेही मला मत दिलं. म्हणाला, देणार नव्हतो, पण साहेबांनी दारात माझं नाव बरोबर घेतलं. मग एक मत गेलं कुठे? डंकन म्हणतो, साहेब, माझ्या हिशेबाने तुम्ही एका मताने जिंकायला हवं होतं. आपल्यातलाच कुणीतरी आत जाऊन उलटला. अगदी जवळचा.

सर मॉर्टिमर सांत्वनाला आले. बिस्किटांची बशी मी पुढे केली नाही. म्हणाले, तुला सांगू नये, पण एक मतपत्रिका पाहून मोजणारे सगळे गप्पच झाले. ‘विश्वास नाही’वर इतक्या त्वेषाने फुली मारली होती की कागद फाटलेला, आणि शिशाचा तुकडा आत रुतून बसलेला. एवढा द्वेष मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही. बाद करावी का असाही विचार झाला, पण मतदाराच्या मनात काय आहे याबद्दल कुणाला शंकाच राहिली नाही.

अंगावर काटा आला. कुणाचं काय वाईट केलंय मी एवढं?

डंकनला सांगून ठेवलं: एखादा अक्षरतज्ज्ञ गाठ, त्याला ती फुली दाखव. खर्चाकडे बघू नको.

शुक्रवार, २३ मे

दारासमोर भाषणाचं टेबल आणून ठेवलं. ते बाहेर आलं की रस्त्यावर कॅमेऱ्यांची झुंबड उडते. यापूर्वी मला ते नेहमी आवडायचं. चार वाक्यं बोललो. देशाचे आभार मानले, पक्षाचे मानले. ‘सहकाऱ्यांचे’ म्हणताना थोडा थांबलो आणि कॅमेऱ्यात रोखून पाहिलं. तो जो कोण आहे त्याला कळलं असेल.

मागच्या दाराला सामानाचा ट्रक. पक्षाने बिनविरोध निवडलेल्या ग्विनेथचा ट्रक त्याच्या मागेच उभा होता, अगदी चिकटून. फिलिपा म्हणाली, बघ, अजून पाठीशीच आहे.

शनिवार, २४ मे. सकाळी

आमच्या स्वतःच्या घरी. फोन वाजत नाही. टोस्ट मीच भाजला.

न्याहारीला बसल्यावर फिलिपाला गद्दाराबद्दल सगळं सांगितलं. शिशाचा तुकडा, फाटका कागद. ती हातातली सुरी खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागली. म्हणाली, बार्नी, तू मत कसं दिलंस रे? म्हटलं, कसं म्हणजे? ते खालचं घाणेरडं वाक्य फुली मारून खोडून टाकलं. पेन्सिल मोडली माझी!

तिने खुर्ची माझ्याजवळ ओढली. मग अगदी हळू आवाजात, लहान मुलाशी बोलावं तसं म्हणाली, निवडणुकीत आपण फुली कुणापुढे मारतो? म्हटलं, हा काय प्रश्न झाला? ज्याला मत द्यायचं त्याच्यापुढे. शेंबड्या पोरालाही कळतं.

टोस्टचा पुढचा घास घेतला. मग उठून या वहीतली बुधवारची नोंद पुन्हा वाचली.

शनिवार, दुपारी

डंकनला फोन करून शोध थांबवायला सांगितलं. तो हबकला. म्हणाला, साहेब, आता कुठे चांगला तज्ज्ञ मिळालाय, सोमवारी नाव सांगतो म्हणतोय. म्हटलं, नको. माफ केलं मी त्याला.

फोनवर नाक ओढल्याचा आवाज आला. डंकन, आणि रडतोय! म्हणाला, इतक्या मोठ्या मनाचा माणूस पक्षाने घालवला. पण साहेब, त्या हरामखोराला असा मोकळा सोडायचा?

म्हटलं, जाऊ दे रे डंकन. त्याचीही नोकरी गेली आहे.