आईच्या अंगावरचा माल

आबा, तुमच्या दुकानाला आता काचेचं दार बसवलंय, आणि तुमचा फोटो मी गल्ल्याच्या वरून काढून मागच्या खोलीत, पिशव्यांच्या गठ्ठ्याजवळ लावलाय. तिथं हार घालायला कुणी जात नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे लेक प्रेमानं लिहितेय असा तुमचा गैरसमज व्हायला नको. तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली, तरी महाद्वार रोडवर तुमचा विषय निघाला की माणसं अजून हळहळतात. परवाच कागलचा एक म्हातारा नातीच्या लग्नाचा बस्ता बांधायला अख्खं घरदार घेऊन आला होता. "तुमच्या वडलांसारखा दिलदार माणूस न्हाय बघा," म्हणाला. मी हसले आणि सगळ्यांना चहा सांगितला. लग्नाच्या साड्या घ्यायला आलेल्या माणसासमोर मेलेल्या बापाची लक्तरं कुठं काढायची?

दिलदार तुम्ही होताच, पण दुकानाच्या गादीवर बसलेले असेपर्यंत. "या पावणं, बसा, बघायला काय पैसं पडत न्हाईत," म्हणत तुम्ही गिऱ्हाइकापुढं साड्यांचा ढीग घालायचा आणि एकही घेतली नाही तरी हसून पाणी द्यायचा. घरात मात्र आईच्या अंगावर चढलेली प्रत्येक नवी साडी दुकानातून यायची आणि दुकानातच परत जायची. लग्न असो, बारसं असो, जावळ असो, आदल्या दिवशी तुम्ही एक साडी काढून द्यायचा. आई उंच आणि अंगानं बारीक, तिला कुठलाही रंग खुलून दिसायचा. कार्यात चार बायका हमखास विचारायच्या, कुठनं घेतली हो? मग त्या दुकानात यायच्या. तोवर ती साडी इस्त्री होऊन, मूळ घडीवर घडी बसून फळीवर गेलेली असायची, आणि त्यांच्यातलीच एखादी ती हौसेनं घेऊन जायची. "तुज्यासारखी मॉडेल पुण्याच्या दुकानात बी न्हाय," असं तुम्ही आईला म्हणायचा आणि ती पोरीसारखी लाजायची. मला तेव्हा वाटायचं, काय सुखाचा संसार आहे यांचा!

त्या सुखाचे नियम होते. पिन लावायची नाही, भोक दिसतं. म्हणून आई दिवसभर एका हातानं पदर धरून वावरायची. हळद चालली असेल तिथं थांबायचं नाही. सतरंजीवर बसायचं तर खाली वर्तमानपत्र घालून. आणि तांबडा रस्सा? नावच काढायचं नाही. आपल्या कोल्हापुरात जावळाला जाऊन रस्सा न खाणारी बाई एक तर आजारी असते नाहीतर देवाची भक्त. आईनं भक्त व्हायचं ठरवलं. "उपास हाय माझा," म्हणत ती पंगतीत केळं सोलत बसायची. वार कुठलाही असो, पाहुण्यांत जेवणावळ निघाली की आईचा उपास. भावकीत तिचं नाव झालं, सासवा सुनांना तिचं उदाहरण द्यायला लागल्या. घरी आल्यावर ती जुनं पातळ नेसून ओट्याशी उभ्याउभ्या गार भाकरी चटणीबरोबर खायची, आणि तुम्ही पलंगावर पडून ढेकर देत, आजचा रस्सा कसा झणझणीत झाला होता ते तिला सांगायचा.

मामाच्या लग्नातलं तुम्हाला आठवत नसणार. मी लहान, जिलेबी खाऊन हात चिकट झालेले, आणि आई इतकी सुंदर दिसत होती की मला राहवलं नाही. पळत जाऊन मी तिला मिठी मारली. तुम्ही मला मारलं नाही, आईवरही ओरडला नाही, चारचौघांत ओरडणाऱ्यांतले तुम्ही नव्हताच. तुम्ही हळू आवाजात एवढंच म्हणालात, "आत जा आणि बदल." आई आजीचं धुवट पातळ नेसून बाहेर आली. तुम्ही ती साडी वर्तमानपत्रात गुंडाळून, काखेत मारून, अक्षता पडायच्या आधीच एसटीनं कोल्हापूरला धुलाईवाल्याकडं गेलात. बायको आणि पोर लग्नात, नवरा साडीबरोबर. सगळ्या वऱ्हाडाला कळलं की आईच्या अंगावर होता तो माल होता. त्या दिवसानंतर कार्यात मी जवळ गेले की आई हात पुढं करून मला थोपवायची. "लांबनं बोल," म्हणायची. तिच्या मांडीवर बसल्याचं मला आठवतच नाही, आणि त्याबद्दल मी तुम्हाला माफ केलेलं नाही.

आता गेल्या आठवड्यातलं सांगते. माझ्या नातवाचं जावळ होतं. आई थकलीय, पण ताठ चालते अजून. मला एकच करायचं होतं. आईनं स्वतःच्या नव्या साडीत बसून, पंगतीत, पोटभर तांबडा रस्सा खायचा. बाकी जावळ गेलं खड्ड्यात. दुकानातली सगळ्यात भारी जांभळी पैठणी मी तिच्या हातात दिली. तिनं दोन्ही हातांनी घेतली आणि म्हणाली, "डाग पाडत न्हाय मी. उद्या सकाळी घडी घालून आणून देते."

"आई, ही तुझी हाय. कायमची."

"व्हय व्हय," ती म्हणाली. लहान पोराची समजूत काढावी तसं. आणि कार्याच्या दिवशी निऱ्या सारख्या करताना मी बघितलं, किमतीची चिठ्ठी तिनं तोडलीच नव्हती. कमरेत आत खोचून ठेवली होती.

पंगत बसली. मी स्वतः रश्शाची बादली घेऊन तिच्यासमोर गेले. आई पाटावर बसलेली, पाटावर वर्तमानपत्र, हातात केळं.

"आई, जेव."

"उपास हाय माझा."

"कशाचा?"

तिनं शेजारच्या बाईकडं वळून विचारलं, "आज वार कुठला गं?"

शेजारची बाई हसली. मला हसू आलं नाही. मी ओगराळं भरलं आणि आईच्या पदरावर ओतलं. सांडलं नाही आबा, ओतलं. तो पदर तिच्या मनगटावर होता, रस्सा नुकताच उतरवलेला. आई माझ्याकडं बघत एवढंच म्हणाली, "तुझ्या बानं असं कधी केलं नसतं."

सगळ्यांना वाटलं माझा हात हलला. तुम्ही तिला कधी साधा चटका बसू दिला नसता, असं काहीतरी ती म्हणाली असंही त्यांना वाटलं, आणि दोघी-तिघींनी डोळे पुसले. मला कळलं ती काय म्हणाली. तुम्ही कधी साडी नासवली नसती.

मनगटाला फोड आलेत. उजवा हात, त्यामुळं दोन्ही वेळेला मी तिला भरवते. ती पैठणी आता घरातच नेसते, ओट्याशी, अंगणात, कुठंही. "हिला आता कोण घेतंय," म्हणते आणि मजेत मांडी घालून बसते. काल रस्सा केला होता. भाकरी कुस्करून तिच्या तोंडात घास घातला, थेंब छातीवर गळला, तिनं बघितलंही नाही. "अजून वाढ की," म्हणाली. म्हणजे मी जिंकले आबा. तुमची बायको जेवली.

हा कागद कुठं पाठवायचा मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असतं तरी पाठवला नसता, कारण आता जे लिहितेय ते वाचून तुम्ही खूश व्हाल. रस्सा ओतल्यावर माझा हात आधी पदराकडं गेला. पाण्याचा तांब्या ओढून मी जरीचा काठ खसाखसा चोळत होते. आणि आई भाजलेला हात बाजूला धरून, मला नीट चोळता यावं म्हणून, दुसऱ्या हातानं पदर ताणून धरत होती.